मंगलचा डावा हात मोकळा होता

"न्हाई साहेब, बांगड्या तर तिच्या हातात सदाच असतात. परवा भरल्या असं काही न्हाई."

हे मी बोलले. जालन्यात डॉक्टरांच्या खोलीत, त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसून, पदर नीट करून. माझी सून मंगल दाराबाहेर बाकावर बसली होती. डावा हात उजव्या हातानं खालून धरून बसली होती, तान्हं लेकरू धरावं तसा. डॉक्टरांनी तिला मुद्दाम बाहेर बसवलं होतं, मला एकटीला विचारायचं म्हणून. त्यांनी विचारलं आणि मी हे बोलले. आवाज कापला नाही, जीभ अडखळली नाही. डॉक्टर "बरं" म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

एवढंच झालं. पाणी प्यायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. लेकाला नाही, बहिणीला नाही. देवाला माहीत असेल, पण त्यानंही मला कधी काही विचारलं नाही. मी चौथी शिकले, लिहिता येतं, म्हणून लिहिते आहे. सांगताना मागंपुढं होईल. माझ्याच डोक्यात हे नीट लागलेलं नाही, तर तुम्हाला नीट कसं लावून देऊ?

मंगलचा डावा हात वर्षभर मोकळा होता. एक दोरासुद्धा नव्हता त्यावर. आणि हे साऱ्या गावात माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं, कारण त्यावरून तिला वर्षभर टोचून बोलणारी मीच होते.

आमचं गाव तीर्थपुरीजवळ. सोयाबीन सोंगत होतो, मी आणि मंगल शेजारच्या ओळींत. सोंगताना डाव्या हातात झाड धरायचं आणि उजव्या हातानं विळा मारायचा. तिचा विळा सटकला आणि डाव्या मनगटावर आला, अंगठ्याच्या बाजूला. मी लुगड्याचा धडपा फाडून बांधला. दवाखान्यात टाके घातले. टाके घालायच्या आधी तिथल्या बाईनं मंगलच्या त्या हातातल्या बांगड्या काढून माझ्या ओंजळीत दिल्या. जखम चांगली भरली, आठ-दहा दिवसांत. व्रण राहिला बोटभर.

जखम भरली आणि दुखणं सुरू झालं. हे काय उलटं? मला तेव्हाही कळलं नाही. ती म्हणायची, हातातून करंट गेल्यासारखं होतं. झंपराची बाही लागली तरी ओरडायची. पाणी लागलं तरी. पंखा लावला तर हात पदराखाली घ्यायची आणि पदर लागला की पुन्हा कण्हायची. भाकरी बंद झाली, धुणं बंद झालं, लेकीची वेणी बंद झाली. लेक सात वर्षांची होती. तिला आईचा कोणता हात धरायचा नाही हे पाठ झालं होतं.

मी म्हणायचे, "वारं लागलं तरी दुखतं म्हणे. वाऱ्याला काय दात असतात का गं?"

बाया हसायच्या. मंगल पण हसायची कधीकधी, कडेकडेनं. तिला काय करावं कळत नसेल.

आणि बांगड्या. तिला त्या हातात बांगडी सहन होत नव्हती, तर तिनं पुन्हा भरल्याच नाहीत. उजव्या हातात भरलेल्या, डावा हात मोकळा. मी चारचौघींत म्हणायचे, "माझा लेक जिता हाय, अन् हिचा हात बघा." असलं बोललेलं बाईला कुठं लागतं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तिथं मारत होते.

माझा लेक दत्ता ट्रक चालवतो. मोसंबीच्या दिवसांत आठ-आठ, दहा-दहा दिवस घरी नसतो. घरी आला की मंगलला भाकरी कुस्करून द्यायचा, तिच्या वाटणीचं पाणी भरायचा. त्यानंच कोणाकडून तरी जालन्याच्या डॉक्टरांची चौकशी केली. पण नेमकी तेव्हा त्याला गाडीची लांबची फेरी लागली. मला म्हणाला, "माय, तू जा तिच्यासंगं. डॉक्टर काय म्हणतो ते बराबर ऐकून ये. तिला काही सुधरत न्हाई दुखण्यात."

म्हणजे भरवसा माझ्यावर होता, हेही लिहून ठेवते.

डॉक्टर चांगला माणूस होता. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही आणि तुम्हीही धरू नका. त्यांनी व्रणाच्या बाजूला बोटाच्या टोकानं हळूच टिचकी मारली, तशी मंगल खुर्चीतून उठली. तिथं कातडीखाली एक बारीक गाठ होती, हरभऱ्याएवढी. ते म्हणाले, विळ्यानं नुसती कातडी नाही कापली, आतली एक बारीक नस कापली गेली. नस पुन्हा वाढायला बघते, तिला पुढं वाट मिळत नाही, मग टोकाला गुंता होतो. तो गुंता म्हणजे ही गाठ. तिला धक्का लागला की आग होते.

मग म्हणाले, "मावशी, नीट ऐका. आज एक इंजेक्शन देतो. हे औषध नाही, ही परीक्षा आहे. चार-सहा तास दुखणं बंद झालं, तर दुखणं या गाठीतच आहे असं समजायचं. मग ऑपरेशन करून गाठ काढू आणि नसेचं टोक आत मांसात पुरून टाकू, म्हणजे वरून त्याला काही लागणार नाही. दुखणं थांबलं नाही, तर ऑपरेशन करून उपयोग नाही. परवा या आणि काय काय झालं ते सांगा. तुम्हीपण घरी लक्ष ठेवा."

किती सोपं सांगितलं होतं! शाळेतल्या बाईनं सांगावं तसं. दोघींनी माना डोलावल्या.

इंजेक्शन दिलं. घटकाभर बाहेर बसलो. मंगल हात बघत होती. मग तिनं तो हात बाकाच्या लोखंडी दांडीला टेकवला. मग जरा जोरात. मग तिनं त्यावर टाळी मारली, आणि बसलेली माणसं वळून बघायला लागली.

"आत्या, हात दुसऱ्याचाच झाल्यासारखा वाटून राह्यला," ती म्हणाली. "पण आग न्हाई. बिलकुल न्हाई."

अंबडला गाडी बदलायची होती. स्टँडच्या बाहेर बांगड्यांचं दुकान आहे. मंगल दारात थांबली. नुसती बांगड्यांकडे बघत राहिली. बोलले मी. "भर की. वर्षानं हात सुधारलाय."

सुधारलाय! डॉक्टरांनी परीक्षा म्हणून सांगितलं होतं. चार-सहा तास म्हणून सांगितलं होतं. आणि दोन तासांत आम्ही दोघींनी ते इंजेक्शन लागू पडलं असं धरून टाकलं. ती दुखण्यानं पिसाळलेली होती, तिचं मी समजू शकते. मला काय झालं होतं?

कासारीण म्हणाली, "अगं बाई, किती दिसाचा मोकळा हाय ह्यो हात!"

"वर्साचा," मी म्हणाले.

"जरा ढिल्याच द्या मावशी," मंगल म्हणाली.

"ढिल्या कशाला?" मी म्हणाले. "ढिल्या कामात फुटत्यात. घट्ट मापाच्या भर गं, हिरव्या."

कासारणीनं हाताला साबण लावला, अंगठा आत दाबला आणि एकेक बांगडी चढवली. सहा. मी मंगलच्या तोंडाकडे बघत होते. कासारीण विचारायची, "दुखतं का?" आणि मंगल म्हणायची, "न्हाई ना! जोरात घाला." असं म्हणून हसायची. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. कासारीण मला म्हणाली, "मावशी, तुमची सून लई हसरी हाय." मी म्हणाले, "आजच."

घरी आलो तेव्हा चार वाजले असतील. लेक शाळेतून आली, तिची वेणी घातली दोन्ही हातांनी. लेक मान वाकडी करून करून त्या हाताकडे बघत होती. मग मंगल भाकरीला बसली. मी वर्षभर भाकऱ्या करत होते, माझे खांदे भरून यायचे. ती थापत होती आणि बांगड्या वाजत होत्या. मी उंबऱ्यावर बसून ऐकत होते. चांगलं वाटत होतं. खरंच वाटत होतं, हे खोटं नाही. मग तसं बोलले कशी?

दिवे लागायच्या वेळेला आवाज थांबला. बघितलं तर भाकरी तव्यावर अर्धी दुमडून पडली होती आणि मंगल हात छातीशी धरून बसली होती. तोंड पांढरं.

"आत्या, बांगड्या काढा."

साबण लावला, तेल लावलं. एक बांगडी जरा खाली सरकवली तर अशी ओरडली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. व्रणावरूनच काढायच्या होत्या ना त्या. घट्ट. मीच घट्ट मागितल्या होत्या.

"मंग फोडा," मंगल म्हणाली. "आत्या, पाया पडते, फोडून टाका."

तुम्हाला माहीत आहे आपल्यात हा शब्दसुद्धा काढत नाहीत. कामात बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतो. सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या कोणी मुद्दाम फोडत नसतं. त्या कधी फोडतात हे मी जाणते, माझ्या फोडल्या तेव्हा मी पंचेचाळीसची होते.

मी म्हणाले, "तो गाडीवर हाय. रस्त्यावर हाय तो. अन् तू फोडा म्हणतीस?"

तिनं पुन्हा ते तोंडातून काढलं नाही. तिला ते पटलं, का ती घाबरली, का माझ्यापुढं बोलून उपयोग नाही असं वाटलं, मी विचारलं नाही. बांगड्या हलू नयेत म्हणून मऊ फडक्यानं तिनं हात गुंडाळून घेतला आणि भिंतीला टेकून बसली. तव्यावरची भाकरी मी उतरवली.

आता बघा. मी घरातच होते. दुखणं कधी थांबलं ते बघितलं, किती वेळ थांबलं ते बघितलं, कोणत्या क्षणाला परत आलं तेही बघितलं. डॉक्टरांनी सांगितलेली परीक्षा ती पास झाली होती, पैकीच्या पैकी. नाटक करणारी बाई भाकरी तव्यावर अर्धी टाकून थांबत नाही. तेव्हा मला माहीत नव्हतं असं समजू नका. मला त्या संध्याकाळी सगळं माहीत झालं होतं.

तिसऱ्या दिवशी जालन्याला गेलो. रस्त्यात खड्डा आला की ती डोळे मिटायची. डॉक्टरांनी विचारलं, तिनं सगळं खरं सांगितलं, दुपारपासून दिवे लागेपर्यंत बिलकुल दुखलं नाही म्हणून. तिनं फडकं सोडलं आणि त्यांना बांगड्या दिसल्या.

"या कशा सहन होतात तुम्हाला?"

"परवा भरल्या साहेब, इंजेक्शन दिल्यावर. आता निघंनात."

ते थोडे विचारात पडले. बाही लागली तर ओरडणाऱ्या बाईच्या हातात सहा घट्ट बांगड्या – कोणीही विचारात पडेल. त्यांनी तिला बाहेर बसवलं. मला म्हणाले, "मावशी, तुम्ही घरच्या आहात. खरं सांगा. ऑपरेशन म्हणजे खेळ नाही. उगाच चिरफाड केली तर दुखणं वाढूही शकतं. परवा मी तपासला तेव्हा हात मोकळा होता. या बांगड्या त्यानंतर भरल्या, का नेहमीच्याच आहेत आणि परवा इथं येताना काढल्या होत्या?"

मी काय बोलले ते तुम्ही वरती वाचलंत.

पण अजून एक राहिलं. त्यांनी विचारलं, "आणि इंजेक्शननं फरक पडला का?" मी म्हणाले, "जसं होतं तसंच हाय. कोणी बघत नसलं की करती सगळं काम." हे कामाचं तर कोणी विचारलंही नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

मग त्यांनी मंगलला आत बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, ऑपरेशननं फायदा होईल असं मला वाटत नाही. मनावर ताण असला की दुखणं जास्त वाटतं. गोळ्या लिहून देतो, नियमानं घ्या. मंगल त्यांच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. मी पिशवीत चिठ्ठी घालत होते.

का बोलले मी असं?

किती वेळा बसून विचार केला. ऑपरेशनची भीती वाटली का? नाही, माझ्या बहिणीची दोन ऑपरेशनं झालीत, चांगली हिंडते फिरते. दत्ता तिला भाकरी कुस्करून द्यायचा ते खुपत होतं का? खुपत होतं. माझं बोट एकदा मोटेच्या दोराखाली सापडून चिरडलं होतं, तेव्हा मला कोणी काही कुस्करून दिलं नाही, मी त्याच बोटानं शेण काढलं. पण ते जुनं. त्या खोलीत बसले तेव्हा मला माझं बोट आठवत नव्हतं. मंगलचा राग होता का? सासू म्हणून असतो तेवढा होता. तेवढ्यानं माणूस असं करतं का?

एक गोष्ट मात्र मला त्या खोलीतली आठवते. डॉक्टरांनी बांगड्यांकडे बोट केलं आणि मी पदर नीट करायला लागले. आता हे विचारतील, मी परीक्षा म्हणून सांगितलं होतं, तुम्ही कुठं हाताला साबण लावून बांगड्या भरत बसलात? घट्ट कोणी मागितल्या? शाळेत मास्तर फळ्याजवळ बोलवायचे तेव्हा असं व्हायचं. मी रागावून घ्यायला घाबरले. साठी ओलांडलेली बाई, आणि मास्तर रागावतील म्हणून खोटं बोलले?

एवढंच होतं का? मला माहीत नाही. एवढंच असेल तर फार लहान आहे ते. आणि एवढंच नसेल, तर बाकीचं काय आहे ते मला आजही सापडलेलं नाही. मग ते पदरचं वाक्य का बोलले, हेही यात बसत नाही. बांगड्यांच्या खोट्याला भीती म्हणता येईल. दुसऱ्याला काय म्हणायचं?

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मंगल गोठ्यामागं गेली. मी आवाज ऐकला, दगडावर काच वाजल्याचा. एकदा, मग थांबली, मग पुन्हा. सहा वेळा. तोंडात पदर कोंबला होता, म्हणून तिचा आवाज आला नाही. परत आली तेव्हा मनगटावर बारीक रक्त होतं आणि काचा ओंजळीत. खाली एक तुकडा पडू दिला नव्हता तिनं. मी म्हणाले, "केलंस शेवटी मनासारखं."

शेजारणींना म्हणाले, मनात आलं की भरती, मनात आलं की फोडती.

गोळ्यांनी तिला झोप यायची. भाकरी तर तिच्याच्यानं होतच नव्हती, आता चूलसुद्धा विझायची तिच्यासमोर. दत्ता आला, मी त्याला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. बराबर ऐकून आले होते ना, बराबर सांगितलं. मग मला म्हणाला, "माय, खरं सांग. ती नाटक करून राह्यली का?"

आणि मी म्हणाले, "मला काय म्हाईत बाबा."

मला काय माहीत!

दत्तानं तिला मारलं नाही, बोलला नाही. फक्त हात कसा आहे हे विचारायचं सोडलं. भाकरी कुस्करून द्यायचं सोडलं. घरात कोणीच त्या हाताचं नाव घेईना. कोणी विचारत नाही म्हटल्यावर मंगलही सांगेना. हात पदराखाली घेऊन कामं करायची, एका हातानं. झाडायची, निवडायची, पाणी आणायची अर्धी घागर.

एकदा तुरीची डाळ निवडत बसलो होतो दोघी. ती म्हणाली, "आत्या, मला वाटून राह्यलं, माझ्या डोक्यातच बिघाड असंल. इंजेक्शननं थांबलं होतं असं मला वाटतं, पण खरंच थांबलं होतं का? तुमी होत्या ना. थांबलं होतं का?"

आता याच्यापुढं काय सांगू तुम्हाला? तिला स्वतःच्या हाताची साक्ष पटेना म्हणून ती माझी साक्ष मागत होती. सुपात डाळ होती. मी खडा काढून बाजूला टाकला. म्हणाले, "मला न्हाई आता आठवत."

अशी तीन वर्षं गेली.

मग मंगलच्या भावानं संभाजीनगरचा एक दवाखाना शोधून काढला. दत्ता म्हणाला, आता एवढं शेवटचं. मी म्हणाले, मीपण येते. दोघांनाही नवल वाटलं. मी मनाशी ठरवून गेले होते. डॉक्टरांनी घरच्यांना विचारलं की सांगायचं – तेव्हा थांबलं होतं दुखणं, दुपारी चारच्या आधीपासून दिवे लागेपर्यंत, मी डोळ्यांनी बघितलंय. वाटभर जुळवत होते वाक्य. आधीचं खोटं काढायचं का, तेवढं मात्र ठरत नव्हतं.

तिथं डॉक्टरीणबाई होत्या, मंगलपेक्षा लहान असतील. त्यांनीही तेच इंजेक्शन दिलं. मंगलला कागद-पेन दिलं, म्हणाल्या, दुखणं कधी थांबलं आणि कधी परत आलं, वेळ लिहून ठेवा. तिनं लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो कागद वाचला, गाठ चाचपली आणि ऑपरेशनची तारीख दिली. मी समोर बसले होते, पाठ ताठ करून. मला कोणी काही विचारलंच नाही. मंगलनं सांगितलं आणि त्यांनी मानलं. इतकं सोपं होतं ते. माझी साक्ष लागतच नव्हती.

मग मी आपण होऊन का नाही बोलले? तोंड तर माझंच होतं. त्या वेळीही मला वाटलं, आता काम झालं, आता सांगून काय. भित्र्या माणसाला नेहमी असंच काहीतरी सापडतं.

गाठ काढली. नसेचं टोक आत पुरलं. बाईंनी दत्ताला गाठ दाखवली बाटलीत, मीही बघितली. हरभऱ्याएवढी, पिवळट. बाई म्हणाल्या, पुष्कळ आराम पडेल. पण दुखणं अंगात मुरलंय एवढ्या दिवसांत, पूर्ण जाईल असं वचन देत नाही. आधी आला असता तर जास्त सोपं झालं असतं. दत्ता म्हणाला, "आधी जालन्याला दाखवलं होतं बाई, तिथं नको म्हणाले." जालन्याच्या त्या माणसावर हे पडलं. त्याच्यावर पडू दिलं मी.

आता मंगल भाकऱ्या करते. अंगठ्याच्या मागची कातडी तिची बधिर आहे, चटका बसला तरी कळत नाही. हिवाळ्यात आत जुनी आग थोडी उठते, मग त्या दिवसांत ती हात शेकत बसते आणि बोलत नाही. दत्ता पुन्हा विचारायला लागला आहे हाताचं. पण विचारताना आधीसारखा तिच्या तोंडाकडे बघत नाही, खाली बघतो. तीन वर्षं विचारलं नाही, त्याची लाज असेल. ती लाजही माझीच आहे, तो फुकट वाहतो आहे.

डाव्या हातात दोन बांगड्या आहेत तिच्या. ढिल्या.

आणि सगळ्यांत कठीण हे. गावात कोणी हाताचा विषय काढला की मंगल म्हणते, "आत्या होत्या म्हणून निभावलं. पहिल्यांदा जालन्याला आत्याच घेऊन गेल्या होत्या." माझ्यासमोर म्हणते. बाया माझ्याकडे बघतात. मी काही बोलत नाही. तिला काही कळलंय आणि ती मला डिवचते आहे, असं मला वाटायचं. तिचं तोंड नीट बघितलं. नाही. ती खरंच म्हणते.

ती दहावी शिकलेली आहे. हे माझं अक्षर तिला वाचता येईल.

विळा मंगलच्या मनगटावर लागला. आधीचं एक आणि नंतरची तीन, अशी चार वर्षं ती आग तिच्या हातात होती. बांगड्या तिनं एकटीनं फोडल्या, तोंडात पदर कोंबून. डोक्यात बिघाड आहे का, हे तिनं स्वतःला विचारलं. सोसलं ते सगळं मंगलनं. मी तिच्याजवळ बसले होते, आणि माझ्या हाताला काही झालेलं नाही.